क्लच कोणी जाळला?

भोरहून रायरेश्वराकडे निघाले की वाटेत आंबवडे लागते. नागेश्वराचे जुने देऊळ आणि भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल पाहायला येणारे लोक सोडले, तर हे गाव तसे शांत असते. गेल्या वर्षी विज्ञान शिक्षकांच्या एका छोट्या शिबिरासाठी आम्ही तिथे गेलो होतो. विषय होता ‘घर्षण आणि ऊर्जा’. दुपारच्या चहाला मात्र घर्षणावर आमच्या तयारीपेक्षा कितीतरी जोरदार चर्चा सुरू झालेली आढळली. चार शिक्षक मोटारीवरून भांडत होते.

हे चौघे भोरमध्ये राहतात आणि आंबवड्याच्या पुढच्या वस्त्यांवरील शाळांत शिकवतात. एसटीच्या वेळा जमत नाहीत आणि वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून त्यांनी वर्गणी काढून एक जुनी पेट्रोल मोटार घेतली होती. घेतली तेव्हाच ती सत्तर हजार किलोमीटर धावलेली होती. तीन वर्षे ठीक चालली. मग चढावर इंजिन नुसतेच ओरडू लागले. गाडी पुढे सरकेना आणि जळका वास येऊ लागला. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी सांगितले, ‘‘क्लच प्लेट गेली. कोणीतरी हाफ क्लचवर चालवतंय.’’

हे ‘कोणीतरी’ कोण, याचा निकाल बाकीच्या तिघांनी केव्हाच लावला होता. त्यांच्यातील बाई नुकत्याच गाडी शिकल्या होत्या. त्यांच्या हातून गाडी धक्के खाते, चढावर बंद पडते. उलट गुरुजींचा हात इतका मऊ की मागच्या सीटवरच्या माणसाच्या पेल्यातील पाणी हलू नये. शिवाय गाडीचे ॲव्हरेजही अठरावरून सोळावर आले होते, तेही बाईंच्याच नावावर लागले. बाईंनी क्लचचा सगळा खर्च एकटीने द्यावा आणि यापुढे फक्त बसून यावे, अशी बोलणी चालली होती. बाई काही बोलत नव्हत्या.

आम्ही म्हटले, ‘‘हा प्रश्न घर्षणाचाच आहे. निकाल देण्याआधी गणित तर करून पाहू.’’ त्या दिवशीचे आमचे व्याख्यान तसेच राहिले. फळ्यावर जे मांडले, ते येथे देत आहोत.

क्लच करतो काय?

पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन शून्य वेगाला काम करू शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेले की ते बंद पडते. चाके मात्र सुरुवातीला स्थिर असतात. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच.

त्याची रचना सोपी आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्यासमोर क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षण करणारे अस्तर बसवलेले असते आणि ती गिअरबॉक्सच्या दांड्याशी जोडलेली असते. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की हा दाब निघतो आणि इंजिन मोकळे फिरते. पेडल पूर्ण सोडले की तिन्ही चकत्या एकत्र फिरतात. या दोन्ही स्थितींत अस्तर झिजत नाही, कारण पहिल्या स्थितीत दाब नाही आणि दुसऱ्या स्थितीत घसरणे नाही. झीज होते ती फक्त मधल्या काळात, म्हणजे दाबही आहे आणि घसरणेही आहे अशा वेळी. यालाच आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो.

घासणाऱ्या पृष्ठभागांची झीज किती होते, याचा एक सोपा नियम आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडला. पृष्ठभागांवरील दाब आणि ते एकमेकांवरून घसरलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात पदार्थ झिजतो. आता घर्षणाचे बल दाबाच्या प्रमाणात असते, आणि बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. म्हणजे क्लचची झीज ही त्याच्यात निर्माण झालेल्या उष्णतेच्या प्रमाणात असते, असे ढोबळपणे म्हणता येईल. त्यात भर अशी की अस्तरातील तंतू एका रेझिनने बांधलेले असतात. तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हे रेझिनच विघटित होऊ लागते. जळका वास येतो तो त्याचा, आणि मग झीज कितीतरी वेगाने होते.

तेव्हा ‘क्लच कोणी जाळला’ या प्रश्नाचे भाषांतर ‘क्लचमध्ये उष्णता कोणी जास्त निर्माण केली’ असे करायला हरकत नाही. उष्णता मोजता येते.

भाताचे पोते आणि अर्धी ऊर्जा

समजा, एक बैलगाडी सेकंदाला १ मीटर या वेगाने चालली आहे आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाने तिच्यात ५० किलोचे भाताचे पोते अलगद ठेवले. पोते क्षणभर मागे घसरेल आणि मग गाडीच्या वेगाने जाऊ लागेल. पोत्याला मिळालेली गतिज ऊर्जा २५ ज्यूल. पण गाडीचा वेग कमी न होऊ देता बैलांनी किती जास्तीचे कार्य केले? ते भरते ५० ज्यूल.

कारण असे. पोते शून्यापासून १ मीटर वेगापर्यंत येते, म्हणजे या काळात त्याचा सरासरी वेग अर्धा मीटर. तेवढ्या वेळात गाडी मात्र पूर्ण १ मीटर वेगाने जात असते. घर्षणाचे बल दोघांवर सारखेच, पण गाडीने कापलेले अंतर पोत्याच्या दुप्पट. म्हणून बैलांच्या कार्याचा अर्धा भाग पोत्याला मिळतो आणि उरलेला अर्धा फळी व पोते यांच्यामध्ये उष्णता होऊन जातो. पोते खरबरीत असो की गुळगुळीत, हा हिशेब बदलत नाही.

क्लचमध्ये हेच घडते. इंजिन म्हणजे चालती बैलगाडी आणि मोटार म्हणजे पोते. माणसांसह १,२०० किलोची मोटार घेऊ. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्या करत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण जोडला जाईपर्यंत अशा मोटारीचा वेग साधारण ३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास होतो. तिची गतिज ऊर्जा १,२०० × ९ ÷ २ = ५,४०० ज्यूल. म्हणजे सपाटीवर गाडी एकदा उचलताना क्लचमध्ये ५,४०० ज्यूल उष्णता निर्माण होणारच. पेडल झटकन सोडा की हळू सोडा, सपाटीवर आकडा तोच राहतो.

तो बदलतो इंजिनाच्या वेगामुळे. गाडी बंद पडेल या भीतीने ॲक्सिलरेटर दाबून इंजिन दीडपट वेगाने फिरवले, तर उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

येथवर ऐकून गुरुजींनी मान डोलावली. ‘‘म्हणजे ॲक्सिलरेटर देऊन धक्के मारणारेच दोषी,’’ असे त्यांचे म्हणणे. पण आंबवड्यापासून पुढचा रस्ता सपाट नाही.

चढावरचा हिशेब

दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर १,२०० किलोची मोटार सुमारे १,२०० न्यूटन बलाने मागे ओढली जाते. (टायरचे घर्षण येथे सोडून दिले आहे.) आता क्लचला दोन कामे करायची आहेत. आधी हे १,२०० न्यूटन तोलायचे आणि वर जे बल उरेल त्याने गाडीचा वेग वाढवायचा.

तीन चालक घेऊ. तिघांच्याही इंजिनाचा वेग सारखाच आहे, फक्त पेडल सोडण्याची पद्धत वेगळी आहे.

पहिला चालक पेडल असे सोडतो की क्लचमार्फत २,४०० न्यूटन बल मिळते. निम्मे चढ तोलण्यात जाते, निम्मे गाडीला वेग देते. ३ मीटर वेग यायला ३ सेकंद लागतात. उष्णता १०,८०० ज्यूल, म्हणजे सपाटीच्या दुप्पट.

दुसरा जरा हलक्या पायाचा. त्याच्या क्लचमधून १,६०० न्यूटन मिळतात, उरतात फक्त ४००. ९ सेकंद लागतात. उष्णता २१,६०० ज्यूल, म्हणजे सपाटीच्या चौपट.

तिसऱ्याचा पाय अगदी लोण्यासारखा. तो १,३२० न्यूटन घेतो. चढ तोलून उरतात १२० न्यूटन. गाडी मुंगीच्या पावलाने, धक्का न देता वर सरकते आणि क्लच पूर्ण सुटायला अर्धे मिनिट लागते. उष्णता ५९,४०० ज्यूल, सपाटीच्या अकरापट!

म्हणजे जो चालक प्रवाशांना सर्वांत सुखाचा वाटतो, त्याच्याच पायाखाली क्लच सर्वांत जास्त तापलेला असतो. सपाटीवरचा ‘हळू सोडा’ हा धडा चढावर तसाच लागू पडत नाही.

याहून वाईट अवस्था म्हणजे गाडी चढावर क्लचच्या जोरावर उभी धरणे. पुढे शेळ्या आडव्या आल्या, समोरून एसटी आली, कोणाला गाडीत घ्यायचे आहे. अशा वेळी हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरणे याला बरेच जण कौशल्य समजतात. येथे गाडीला काहीच ऊर्जा मिळत नाही. इंजिन देईल ते सगळे उष्णता होते. हिशेब १,२०० न्यूटन × ३ मीटर प्रतिसेकंद = ३,६०० वॅट. स्नानघरातला इन्स्टंट गीझर साधारण ३,००० वॅटचा असतो. त्यापेक्षा जास्त शक्तीची शेगडी एका बंद पेटीत, पाणी न सोडता चालू ठेवली आहे असे समजा. दहा सेकंद गाडी अशी धरली की ३६,००० ज्यूल, म्हणजे सपाटीवर गाडी सहा-सात वेळा उचलण्याइतकी झीज.

आणि बाईंची गाडी बंद पडते त्याचे काय? पेडल पटकन सुटले की क्लच क्षणात पकड घेतो, घसरणे थांबते आणि इंजिनाचा वेग एकदम उतरून ते बंद पडते. धक्का बसतो, इंजिनाच्या रबरी बैठका, गिअरचे दाते यांना तो चांगला नाही. पण घसरणे थोडे, म्हणून अस्तराची झीजही थोडी. दिसायला जे वाईट, ते क्लचला बरेचसे निरुपद्रवी, हे ऐकून चहाच्या टेबलाभोवती जरा शांतता पसरली.

घड्याळ लावून

गणित झाले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. आपल्या चौघांपैकी प्रत्येक जण प्रत्यक्षात काय करतो, ते पाहायला हवे. क्लच नवा बसवलेलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, रहदारी नसताना, आम्ही जवळच्या एका चढावर गेलो. मागे कोणी उभे राहू दिले नाही, मागच्या चाकांपासून थोड्या अंतरावर मोठे दगड ठेवले आणि प्रत्येकाने तीन-तीन वेळा गाडी चढावर उचलायची असे ठरले. शेजारी बसलेल्याने मनगटी घड्याळाच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजायचा. क्लच धरू लागला की इंजिनाचा आवाज खाली उतरतो, तिथे सुरू करायचे आणि पेडलवरून पाय पूर्ण निघाला की थांबवायचे.

बाईंना दोन ते तीन सेकंद लागत होते. एकदा गाडी बंद पडली. दोघा सरांना चार ते पाच सेकंद लागले. गुरुजींना नऊ-दहा. शिवाय गुरुजींनी एकदाही हँडब्रेक ओढला नाही; निघण्याची खूण होईपर्यंत गाडी त्यांनी पायावरच तोलून धरली होती. ते सेकंद तर आम्ही मोजलेही नव्हते.

गुरुजींनी स्वतःच घड्याळ मागून घेतले आणि पुन्हा एकदा करून पाहिले. या वेळी हँडब्रेक ओढून, क्लच धरल्याचा आवाज आल्यावर तो सोडून. चार सेकंद! ‘‘तीस वर्षं चुकीचं शिकवलं मी लोकांना,’’ एवढेच ते म्हणाले.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जुनी प्लेट गुरुजींनी जाळली, असेही या प्रयोगातून सिद्ध होत नाही. ती गाडीबरोबरच आलेली असेल, तर पहिल्या सत्तर हजार किलोमीटरमध्ये ती किती झिजली होती, हे सांगायला कोणी नाही. बारा मोजण्यांवरून कोणाला शिक्षा करावी इतका पुरावा होत नाही. सिद्ध झाले ते इतकेच की बाईंवर ठेवलेल्या आरोपाला आधार नव्हता, आणि खर्च एकटीवर टाकणे चूक होते.

ॲव्हरेजचा दुसरा आरोप

आता अठराचे सोळा झाले त्याचे काय? क्लचच्या उष्णतेत पेट्रोल वाया जाते हे खरे, पण किती? एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल ऊर्जा असते. त्यातली जेमतेम चौथाई इंजिनातून कामाच्या रूपाने बाहेर येते असे धरू. दहा सेकंद गाडी क्लचवर धरली, ३६,००० ज्यूल गेले, त्यासाठी पेट्रोल लागले साडेचार मिलिलिटर. चहाचा एक चमचा! क्लचला जे मारक आहे ते पेट्रोलच्या हिशेबात चमचाभर भरते. दोन्ही तक्रारींचे कारण एकच असेल असे गृहीत धरणे चूक होते. (प्लेट पूर्ण झिजून चालत्या गाडीतही घसरू लागली, की मात्र ॲव्हरेज चांगलेच उतरते.)

मुळात ते दोन आकडे आले कुठून? चौघांची पद्धत अशी होती की टाकी फुल करायची आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते पाहायचे. पद्धत योग्य आहे. पण ‘फुल’ म्हणजे नेमके कुठपर्यंत? पंपाची तोटी कधी अर्धा लिटर आधी बंद होते, कधी नंतर. समजा, १८० किलोमीटरनंतर १०.२ लिटर पेट्रोल बसले. ॲव्हरेज आले १७.६. यात अर्ध्या लिटरची चूक इकडे-तिकडे धरली, तर खरा आकडा १६.८ ते १८.६ यांमध्ये कुठेही असू शकतो. अशा एका मोजणीवरून ‘माझ्या हातात अठरा, तुमच्या हातात सतरा’ म्हणण्यात अर्थ नाही. पण मधल्या प्रत्येक वेळी टाकी फुल करत पाच भरण्यांची बेरीज घेतली, ९०० किलोमीटरला ५१ लिटर, तर चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या ‘फुल’मध्ये उरते. मग आकडा १७.५ ते १७.८ इतका नेमका होतो. मोजमाप सुधारायला महाग उपकरण लागले नाही, धीर लागला.

सरासरी काढतानाही एक फसगत होते. दहा किलोमीटर चढाला गाडीने लिटरला १० किलोमीटर दिले आणि तेच दहा उतरताना ३० दिले, तर सरासरी २० नव्हे. चढाला १ लिटर आणि उताराला ०.३३ लिटर पेट्रोल लागले. २० किलोमीटरला १.३३ लिटर म्हणजे ॲव्हरेज १५. गणिताच्या शिक्षकांना हरात्मक मध्य शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

चढाचा परिणाम केवढा असतो तेही पाहू. १,२०० किलोची मोटार ३०० मीटर उंच चढवायला सुमारे ३५ लाख ज्यूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता लक्षात घेता हे ०.४४ लिटर पेट्रोल झाले, आणि ते आडवे अंतर कापण्यासाठी लागणाऱ्या पेट्रोलखेरीज. उतरताना यातले काही परत मिळते. पण त्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनाचा रोध नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटात ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. येथे प्रश्न पेट्रोलचा नाही, जिवाचा आहे.

चौघांच्या वहीत मागच्या पावसाळ्यापासूनच्या नोंदी होत्या. त्यात असे दिसले की अठराचा आकडा पुण्याला महामार्गाने केलेल्या फेऱ्यांतला होता आणि सोळाचा शाळेच्या चढ-उताराच्या फेऱ्यांतला. चालकाचा संबंध दिसत नव्हता. त्यातच पेट्रोलही बदलले आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सुमारे २१० लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलच्या दोनतृतीयांश. त्यामुळे अशा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते.

मग गाडी कोणती घ्यावी?

वाद मिटत आला तसा चौघांचा मूळचा विषय वर आला. ही गाडी काढून दुसरी कोणती घ्यावी?

जाहिरातीतला आकडा बहुधा प्रमाणित चाचणीतला असतो. आपल्याकडे अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. चाचणीत गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर असते. १,१८० सेकंदांचा ठरावीक कार्यक्रम, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, चढ नाही, वातानुकूलन बंद. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, कारण परिस्थिती सर्वांना सारखी असते. पण आंबवड्याच्या रस्त्यावर तेवढेच मिळेल, असे वचन त्यात नसते.

‘सीएनजी सव्वीस देते, पेट्रोल अठराच’ असे एक सर म्हणाले. पण सीएनजी किलोवर मिळतो आणि पेट्रोल लिटरवर. एक किलो सीएनजीत सुमारे ४८० लाख ज्यूल असतात, म्हणजे लिटरभर पेट्रोलच्या दीडपट. २६ ला दीडने भागा, १७ येतात! इंजिन काही जास्त काटकसरी झालेले नसते. सीएनजी परवडतो तो त्याच्या भावामुळे, तेव्हा तुलना रुपये प्रतिकिलोमीटर अशी करावी. पंप किती लांब आहे तेही पाहावे.

डिझेलचा जुना सल्लाही तपासून घ्यावा. डिझेलचा भाव सरकार ठरवत असे तेव्हा तो पेट्रोलपेक्षा बराच कमी असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हे नियंत्रण उठले आणि पूर्वीचा फरक राहिला नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो तो लांबच्या, गरम इंजिनाच्या प्रवासात. रोज थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्याला तो त्रास देऊ शकतो.

बिनक्लच पेडलच्या ‘एएमटी’ गाड्यांत क्लच नसतो, असा समज आढळला. क्लच असतो, तो दाबायचे काम यंत्रणा करते. चढावर ॲक्सिलरेटर देऊन अशी गाडी उभी धरली, तर वरचा सगळा हिशेब तिलाही लागू होतो. विजेच्या मोटारीची गोष्ट वेगळी. विद्युत मोटर शून्य वेगालाही जोर देते, म्हणून तिला असा मध्यस्थ लागतच नाही.

आणि जुनी गाडी बदलून फायदा किती, हे ‘लिटरला किती किलोमीटर’ यावरून नीट कळत नाही. एका जीपचे ॲव्हरेज १० वरून १२ झाले आणि एका छोट्या गाडीचे २० वरून २५. फायदा कोणाचा जास्त? दोघीही वर्षाला १२,००० किलोमीटर धावतात असे धरा. जीपचे २०० लिटर वाचतात, छोटीचे १२०. म्हणून तुलना ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ अशी करण्याची सवय लावून घ्यावी.

या हिशेबाने चौघांनी पाहिले, तेव्हा रोज ४० किलोमीटर आणि वर्षाला २२० दिवस म्हणजे ८,८०० किलोमीटर होतात. ॲव्हरेज १५ वरून १८ झाले, तर सुमारे १०० लिटर वाचतील. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाला दहा हजार रुपये. तेवढ्यासाठी काही लाखांची नवी गाडी घ्यायची का, हा प्रश्न मग त्यांचा त्यांनाच पडला. तूर्त गाडी तीच ठेवायची, हँडब्रेकची तार घट्ट करून घ्यायची आणि चालत्या गाडीत क्लच पेडलवर पाय टेकवून ठेवायचा नाही, असे ठरले.

वर्गात करता येईल

मोटार नसली तरी हा पाठ सायकलवर घेता येतो. सायकल उलटी करून ठेवा. एकाने हाताने पेडल फिरवून मागच्या चाकाला वेग द्यावा आणि सोडून द्यावे. दुसऱ्याने जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा लाकडी पट्टीला बांधून टायरवर टेकवावा. बोटे आरांपासून दूर असावीत. एकदा हलके टेकवा, एकदा जोराने. चाक थांबायला लागणारा वेळ बदलतो, पण चाकातली ऊर्जा तेवढीच, म्हणून निर्माण होणारी एकूण उष्णताही तेवढीच. आता पेडल फिरवत राहायला सांगा आणि तुकडा पंधरा सेकंद तसाच दाबून धरा. तुकडा चटका बसेल इतका तापतो आणि खाली रबराची पूड दिसते. चढावर क्लचने गाडी धरणे म्हणजे हेच. मुले हे विसरत नाहीत.

दुसरा उपक्रम वहीचा. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्या मुलांनी सलग पाच वेळा टाकी फुल करतानाचे किलोमीटर आणि लिटर लिहून आणावेत. प्रत्येक वेळचे ॲव्हरेज वेगळे येईल. पाचही भरण्यांचे मिळून एक येईल. हे आकडे वेगळे का आले, यावर एक तास सहज जातो.

क्लचचा खर्च शेवटी चौघांत सारखा वाटला गेला. परत निघताना बाईंनी किल्ली मागून घेतली. शाळेच्या फाटकाजवळच्या चढावर त्यांनी हँडब्रेक ओढला, क्लच सोडला, आणि गाडी एक हलकासा धक्का देऊन वर निघाली. मागच्या सीटवर गुरुजी बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘तीन सेकंद.’’